घरचा टोस्टर नव्याने डिझाइन करायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधलं पाच जणांचं घर. टोस्टर आहे, पण पहिल्या फेरीला स्लाइस पांढरट निघतात आणि तेच सेटिंग ठेवून दुसऱ्या फेरीला करपतात. पाव खाचेत मावत नाही, कोंबून बसवला तर निघत नाही. आजींना कडक टोस्ट चावत नाही, म्हणून त्यांच्यासाठी शेवटी तवाच ठेवावा लागतो. विचारणारे स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आहेत आणि नोकरी सांभाळून यापेक्षा बरा टोस्टर बनवायचा त्यांचा विचार आहे. आत कॅमेरा, फोनवर ॲप, एका वेळी चार स्लाइस अशी कल्पना आहे. हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करावी?

मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात घरगुती हीटिंगच्या वस्तूंवर बरीच वर्षं काम करते आहे. इस्त्र्या, सँडविच मेकर, टोस्टर, असलं सगळं. तेव्हा उत्तर जरा लांबेल. जमेल का, तर जमेल. पण तुमच्या यादीतल्या तीन गोष्टींपैकी दोन मी खोडून टाकीन आणि तिसरीवर वाद घालीन.

आधी खरी अडचण कुठली ते ठरवू. तुम्ही लिहिलेल्या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण त्यातली पहिली बाकी सगळ्यांच्या मुळाशी आहे. टोस्टरला ब्रेड भाजून झाला की नाही हे कळत नाही. त्याला फक्त किती वेळ गेला एवढंच कळतं. आपण बटण चारवर ठेवतो तेव्हा आपल्या मनात रंग असतो आणि यंत्राच्या आत सेकंद असतात. या दोहोंचा मेळ बसतो तोवर टोस्टर चांगला, नाही बसला की वाईट. उष्णता कमी पडते म्हणून वाईट ठरलेला टोस्टर माझ्या पाहण्यात क्वचित आहे.

आता भाजताना काय होतं ते बघा. ब्रेडमध्ये साधारण 35 ते 40 टक्के पाणी असतं. पृष्ठभागावरचं पाणी निघून जाईपर्यंत तिथलं तापमान शंभराच्या फार वर जात नाही. दिलेली उष्णता वाफ करण्यात खर्च होते. पृष्ठभाग कोरडा झाला की तापमान झपाट्याने चढतं आणि 140 अंशांच्या आसपास साखर आणि प्रथिनं यांची ती प्रसिद्ध मायार प्रक्रिया वेग घेते. रंग, वास, खरपूसपणा सगळा तिचा. गंमत पुढे आहे. रंग गडद झाला की तोच पृष्ठभाग जास्त उष्णता शोषतो, म्हणून आणखी लवकर गडद होतो. दूध तापवताना बराच वेळ काहीच होत नाही आणि पाठ वळवली की उतू जातं, तसाच हा प्रकार. दोन मिनिटांच्या भाजण्यात पहिली दीड मिनिटं ब्रेड पांढराच दिसतो, आणि सगळं नशीब शेवटच्या वीस-तीस सेकंदांत ठरतं. म्हणजे एकूण वेळेतली दहा टक्क्यांची चूक रंगात दहा टक्क्यांची राहत नाही, खूप मोठी होते. तुमचं सगळं डिझाइन या शेवटच्या अर्ध्या मिनिटासाठी आहे असं समजा.

वेळ मोजण्याची ही पद्धत मुळात आली कुठून, तेही सांगते, कारण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे. विजेवर टोस्ट करणं व्यवहारात आलं ते नायक्रोममुळे. अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियमचा हा मिश्रधातू शोधून 1906 मध्ये पेटंट घेतलं. लालभडक तापूनही हवेत जळून न जाणारी तार त्याआधी परवडत नव्हती. मग चार्ल्स स्ट्राइट यांनी वेळ संपली की ब्रेड आपोआप वर उडवणारा टोस्टर केला. त्याचं पेटंट 1921 चं. घरगुती रूपात तो 1926 मध्ये बाजारात आला आणि 1928 मध्ये अमेरिकेत यंत्राने कापलेला स्लाइस ब्रेड विकायला लागला. तेव्हापासून टायमरचं फावलं. सगळ्या स्लाइस एकाच जाडीच्या, एकाच ओलाव्याच्या असतील तर सेकंद मोजूनही काम भागतं.

आपल्याकडे हे गृहीतक टिकत नाही. एकाच पुणेरी घरात आठवड्याभरात काय काय येतं बघा: पाकिटातला पातळ स्लाइस ब्रेड, कोपऱ्यावरच्या बेकरीतून हाताने कापून आणलेला जाड ब्रेड, लादी पाव, गोड बन, कॅम्पातून आणलेला कडक कवचाचा ब्रून पाव. मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस खाणारं हे शहर आहे, त्यामुळे स्लाइसचा खप इथे नाश्त्यापुरता नाही. दुधाचा आणि साखरेचा अंश जास्त असलेला ब्रेड लवकर तांबूस होतो, ताजा ओला ब्रेड उशिरा. जुलैतला ब्रेड आणि एप्रिलमध्ये दोन दिवस उघडा राहिलेला ब्रेड यांना एकच सेटिंग चालणार नाही. यातलं किती तुमच्या घराला लागू आहे ते तुमच्यावर. फक्त पाकिटातला स्लाइस ब्रेडच खात असाल तर तुमचं काम निम्मं सोपं आहे.

आता तुमची पहिली फेरी आणि दुसरी फेरी. नायक्रोमची पट्टी अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर गुंडाळलेली असते. पट्टी स्वतः काही सेकंदांत लाल होते, पण अभ्रक, आतली जाळी, मागचा पत्रा यांना तापायला वेळ लागतो. पहिल्या फेरीत बरीच उष्णता त्यांनाच तापवण्यात जाते. दुसऱ्या फेरीला ते आधीच गरम असतात, तेही ब्रेडवर उष्णता फेकतात, आणि टायमर मात्र तेवढेच सेकंद मोजतो. म्हणून करपतं. उपाय महागडा नाही. आतल्या पत्र्याला टेकवलेला एक थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा छोटा सेन्सर) सुरुवातीचं तापमान सांगतो आणि त्याप्रमाणे वेळ कमी करायची. बऱ्या टोस्टरांमध्ये हे असतं. स्वस्तातल्यांमध्ये एक कपॅसिटर चार्ज होईपर्यंत थांबणारं सर्किट असतं, त्याला आतलं तापमान माहीतच नसतं.

यात आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे फार कमी जण बघतात, ती म्हणजे व्होल्टेज. हीटरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 व्होल्टला 800 वॉटचा टोस्टर 205 व्होल्टला साधारण 635 वॉटचा होतो आणि 245 ला 908 वॉटचा. दोन मिनिटांचा हिशेब केला तर एकीकडे 76 किलोज्यूल आणि दुसरीकडे 109. बटण एकाच आकड्यावर, टोस्टर मात्र दोन वेगवेगळे. सकाळी आठला सगळ्या सोसायटीचे गीझर चालू असतात तेव्हाचं आणि दुपारी तीनचं व्होल्टेज मल्टीमीटर लावून एकदा बघा. फरक किती हे तुमच्या इमारतीवर, ट्रान्सफॉर्मर किती लांब आहे यावर आणि आतल्या वायरिंगवर अवलंबून आहे. काही ठिकाणी नगण्य असतो, काही ठिकाणी टोस्टवर थेट दिसतो.

म्हणून माझा पहिला ठोस सल्ला असा. सेकंद मोजू नका, दिलेली ऊर्जा मोजा. एक साधा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम करता येणारी छोटी चिप), व्होल्टेज बघायला दोन-तीन रेझिस्टर आणि एक थर्मिस्टर. दर क्षणाला व्होल्टेजचा वर्ग करून बेरीज करत राहायचं आणि ठरलेल्या आकड्याला पोहोचलं की बंद. नायक्रोमचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे हे गणित बऱ्यापैकी खरं उतरतं. मात्र पुरतं नाही. व्होल्टेज कमी असताना भाजायला जास्त वेळ लागतो, तेवढ्या वेळात टोस्टरच्या तोंडातून जास्त उष्णता निसटते आणि ब्रेड रंग यायच्या आत जास्त वाळतो. तेव्हा कमी व्होल्टेजला थोडी जास्तीची ऊर्जा द्यावी लागते. ती किती, हे कागदावर काढत बसू नका, ब्रेड भाजूनच ठरेल.

एक इशारा. असल्या सर्किटला स्वस्तात वीज देण्यासाठी ट्रान्सफॉर्मर न वापरता कपॅसिटरवरून सप्लाय घेतात. तसं केलंत तर तुमचं सगळं सर्किट थेट मेन्सला जोडलेलं असतं. प्रोग्रॅम तपासायला त्याला लॅपटॉपची केबल लावू नका. लॅपटॉप जाईलच, तुम्हालाही झटका बसेल. प्रयोगाच्या काळात वेगळा आयसोलेटेड सप्लाय वापरा आणि टेबलाच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. हे टाळून कोणी काम करत असेल तर मी त्याच्या टेबलाजवळ उभी राहत नाही.

ब्रेडकडे प्रत्यक्ष बघणारा टोस्टर नाहीच का, असा प्रश्न पडेल. आहे, आणि तो कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकेत सनबीमने 1949 मध्ये टी-20 नावाचा टोस्टर काढला. त्यात ब्रेड ठेवला की त्याच्या वजनाने खटका लागून तो आपोआप खाली जायचा. तापलेली तार प्रसरण पावते, त्या हालचालीवर ही सगळी यंत्रणा चालायची. आणि ब्रेडच्या पृष्ठभागाकडून येणारी उष्णता एका द्विधातू पट्टीवर पडायची. पृष्ठभाग ठरावीक तापला की पट्टी वाकून सर्किट तोडायची. ब्रेड जाड असो, ओला असो, शिळा असो, पट्टीला पृष्ठभागाशीच मतलब. चिप नाही, मोटर नाही. त्यातला विचार आजही घेण्यासारखा आहे. नक्कल करायची झाली तर मात्र तो जोडकामाचा आणि सेटिंगचा खर्च आज परवडणार नाही.

आता कॅमेरा. मी तो का खोडते ते सांगते. आतला सगळा प्रकाश लाल-नारिंगी एलिमेंटचा असतो. त्या प्रकाशात पांढरा ब्रेडही तांबूस दिसतो. त्यावर उपाय आहेत, पण मग नाचणीचा ब्रेड, ब्राऊन ब्रेड, दूध-ब्रेड यांचे मूळ रंगच वेगळे, त्यामुळे सुरुवातीचा रंग टिपून त्यातला बदल बघावा लागतो. तेही जमेल. महिन्याभरात भिंगावर चुऱ्याची आणि तेलकट वाफेची पुटं चढतील, ती कोण पुसणार? जी गोष्ट घरात कोणी पुसणार नाही तिच्यावर टोस्टरचा मेंदू अवलंबून ठेवू नये. इन्फ्रारेड तापमान सेन्सरची गतही थोडीफार हीच. शिवाय त्याला ब्रेडऐवजी एलिमेंटची परावर्तित उष्णता दिसू नये म्हणून जागा फार विचारपूर्वक निवडावी लागते. तुम्हाला प्रयोग म्हणून करायचाच असेल तर सेन्सर करा, कॅमेरा नको.

ॲपबद्दल एका वाक्यात: ब्रेड ठेवायला टोस्टरजवळ जावंच लागतं, मग तिथलं बटण दाबायला फोन कशाला?

त्यापेक्षा माणसाचे डोळे वापरा, ते फुकट आहेत. टोस्टरचा दांडा असा करा की चालू असतानाच तो वर उचलून ब्रेड बघता येईल आणि सोडला की परत खाली जाईल. मोजणी थांबणार नाही, हीटर बंद होणार नाही. आणि त्याच्या शेजारी 'थोडं अजून' असं एक बटण, वीस-एक सेकंदांचं. या दोन गोष्टी काही टोस्टरांत आहेत आणि ज्यांच्याकडे आहेत ते लोक त्याच रोज वापरतात. बाकी डीफ्रॉस्ट वगैरे बटणांवरचं प्लास्टिकही निघालेलं नसतं. रंगाच्या चकतीवर आकडे देऊ नका. निम्म्या लोकांना ती मिनिटं वाटतात. फिकटपासून गडदपर्यंत रंगाच्या पट्ट्या छापा, चकती गोल फिरणारी आणि हाताला जाणवेल अशी ठेवा. घरोघरी ती एकदा एका जागी लावली जाते आणि वर्षभर तशीच राहते. म्हणूनच त्या एका जागेचा अर्थ रोज तोच राहायला हवा, आणि वरचं ऊर्जा मोजण्याचं सगळं लचांड त्याकरताच आहे.

आजींचा प्रश्न मला यातला सगळ्यात चांगला वाटला, कारण त्याचं उत्तर थेट वॉटमध्ये आहे. बाहेरून खरपूस आणि आतून मऊ टोस्ट हवा असेल तर पृष्ठभागावर उष्णता जोरात आणि कमी वेळ द्यायला हवी. हळूहळू भाजलं की आतलं पाणीही निघून जातं आणि चहात बुडवायच्या टोस्टसारखा कडक तुकडा होतो. साधी स्लाइस 10 बाय 10 सेंटिमीटर धरा. दोन स्लाइसच्या चार बाजू म्हणजे 400 चौरस सेंटिमीटर. 800 वॉटला हिशेब येतो दर चौरस सेंटिमीटरला दोन वॉट. 1200 वॉट दिले तर तीन. हे पृष्ठभागाला मिळणारे वॉट नव्हेत, कारण बराचसा भाग पत्रा आणि हवा खातात. 25 ग्रॅमच्या स्लाइसमधून तीन-साडेतीन ग्रॅम पाणी उडवायला आणि उरलेला ब्रेड तापवायला ढोबळमानाने 12 किलोज्यूल पुरतात, म्हणजे दोन स्लाइसना 24. 800 वॉटने दोन मिनिटांत आपण देतो 96. पण तुलनेसाठी दर चौरस सेंटिमीटरचा आकडा उपयोगी पडतो. तीनच्या आसपासचा टोस्टर आजींना आवडेल, दीडचा नाही.

आणि इथेच चार स्लाइसचा वाद येतो. आपल्या स्वयंपाकघरातला नेहमीचा सॉकेट 6 अँपिअरचा. 230 ने गुणलं तर 1380 वॉट ही त्याची हद्द. थोडी मोकळीक ठेवून 1200 वर थांबावं. तेवढ्यात चार स्लाइस भाजायच्या तर 800 चौरस सेंटिमीटरला 1200 वॉट, म्हणजे बरोबर दीड. हळू आणि कडक. चार स्लाइस नीट भाजायच्या तर 16 अँपिअरचा प्लग लागतो, आणि तो सॉकेट बहुतेक घरांत मायक्रोवेव्ह किंवा मिक्सरने अडवलेला असतो. पाच जणांच्या घराला दोन स्लाइसच्या जोरदार, पटकन होणाऱ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाही तोच रंग देणाऱ्या टोस्टरचा जास्त उपयोग होईल. तुमच्या घरी सगळे एकदमच नाश्त्याला बसत असतील आणि 16 चा सॉकेट मोकळा असेल, तर माझं म्हणणं सोडून द्या. विजेच्या बिलाची काळजी इथे करू नका. 800 वॉट, रोज चार मिनिटं, महिन्याचे होतात दीड-पावणेदोन युनिट.

इथपर्यंतचं एकत्र करते: दोन स्लाइस, 1200 वॉट, सेकंदांऐवजी ऊर्जा मोजणारं सर्किट, सुरुवातीचं तापमान बघणारा थर्मिस्टर, उचलून बघता येणारा दांडा. कॅमेरा आणि ॲप नाही. आता पत्र्याचं काम.

खाच रुंद हवी हे खरं, पण नुसती रुंद करून चालत नाही. अर्धा कापलेला पाव दोन-अडीच सेंटिमीटर जाड असतो, पाकिटातली स्लाइस एक-सव्वा सेंटिमीटर. पावासाठी खाच साडेतीन सेंटिमीटर केली आणि त्यात पातळ स्लाइस एका बाजूला कलली, की एक बाजू काळी आणि एक पांढरी. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सारख्याच सरकून ब्रेडला मधोमध धरणाऱ्या जाळ्या लागतात. त्यांची यंत्रणा हीच टोस्टरमधली सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. तिच्यावर वेळ घालवा. एकेरी लांब खाच करायचाही विचार करून बघा. त्यात दोन स्लाइस शेजारी-शेजारी बसतात, बेकरीतला लांबट कापही मावतो, आणि एलिमेंट दोनच लागतात.

पावाला फक्त कापलेली बाजू भाजायची असते, पाठ नाही. एकाच बाजूचा एलिमेंट चालू ठेवणारी सोय ठेवा. एकेरी खाचेत ही अगदी सोपी आहे. पण मस्का लावून पाव भाजणं हे टोस्टरचं काम नव्हे. लोणी एलिमेंटवर ठिबकलं की धूर आणि कधी आगही. तिथे तवाच हवा, आणि हे माहितीपत्रकात न लिहिता टोस्टरच्या अंगावर मराठीत लिहा.

पाव निघत नाही याचं कारण उचल कमी पडते. आपली स्लाइस आखूड. बाहेरच्या मोठ्या ब्रेडच्या मापाने केलेल्या खोल खाचेत ती वर आल्यावरही कड्याच्या आतच राहते. मग माणूस सुरी घालतो. आतल्या तारांवर 230 व्होल्ट असू शकतात हे त्या क्षणी कोणाच्या डोक्यात नसतं. ब्रेड वर आल्यावर किमान अडीच सेंटिमीटर बाहेर दिसला पाहिजे, असं माप धरूनच दांड्याचा प्रवास ठरवा.

सुरक्षिततेत तीन गोष्टींवर मी तडजोड करत नाही. एक, ब्रेड अडकून वाहक, म्हणजे ब्रेडला वर-खाली नेणारा भाग, खालीच राहिला तरी हीटर बंद झाला पाहिजे. पुष्कळ टोस्टरांत हीटरचा स्विच वाहकाच्या हालचालीला बांधलेला असतो. पाव फुगून अडकला की स्विच बंदच होत नाही आणि आग तिथूनच सुरू होते. हीटरसाठी वेगळा रिले (सर्किटच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) ठेवा, वाहकाचे कॉन्टॅक्ट त्याच्या मालिकेत ठेवा आणि रिले चिकटलाच तर म्हणून वर एक थर्मल फ्यूज. दोन, बंद झाल्यावर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत. आपल्या घरांत सॉकेटमागच्या तारा उलट जोडलेल्या सापडणं नवलाचं नाही, आणि तशा जोडणीत एकाच तारेचा स्विच असला तर थंड दिसणारा एलिमेंट जिवंत असतो. तीन, पत्र्याचा टोस्टर असेल तर तीन पिनांचा प्लग आणि अर्थची तार बॉडीला पक्क्या स्क्रूने. पेठांतल्या जुन्या इमारतींमध्ये अर्थिंग तपासल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नये, म्हणून वरची दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते. विकायचा विचार असेल तर भारतीय मानक आयएस 302 चा टोस्टर-ग्रिलसाठीचा भाग पहिल्या चित्राआधी वाचा. नंतर वाचलात तर अर्धं डिझाइन पुन्हा करावं लागतं.

चुऱ्याकडे डिझाइनर तुच्छतेने बघतात आणि मुंग्या-झुरळं आदराने. गरम, कोरडी, खाऊने भरलेली जागा त्यांना आणखी काय हवी! ट्रे मागून नव्हे, समोरून निघाला पाहिजे, कारण आपल्याकडे टोस्टर भिंतीला टेकवूनच ठेवलेला असतो. तो संपूर्ण तळाच्या रुंदीचा हवा. अर्धवट ट्रे असला की चुरा कडेच्या कप्प्यात जातो, आणि तिथेच सर्किट असतं. सर्किटच्या कप्प्याला पूर्ण बंद भिंत द्या, तारा जायला जेवढी भोकं लागतील तेवढीच, आणि तळाच्या वाऱ्याच्या फटींना बारीक जाळी. सर्किटवर झुरळ जाऊन शॉर्ट झालेले बोर्ड दुरुस्तीला येतात, मी विनोद करत नाहीये.

दुरुस्तीचं म्हणाल तर नेहमीच्या चार-खाची स्क्रूने उघडणारा टोस्टर करा, रिबिटांनी बंद केलेला नको. एलिमेंटचं कार्ड सुटं बदलता यावं. नायक्रोमला साधं सोल्डर लागत नाही, त्यामुळे तार तुटली की कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचा नाइलाज होतो; कार्डाच्या टोकाला दाबून बसवलेली स्लीव्ह आणि स्क्रूचं टर्मिनल दिलं तर तोच मिस्त्री पंधरा मिनिटांत काम करून देईल.

पहिला नमुना शून्यापासून बनवू नका. जुन्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे दोन-तीन बंद टोस्टर मिळतील. त्यांचे एलिमेंट आणि जाळ्या काढून घ्या. सर्किटचे सुटे भाग तपकीर गल्लीच्या आसपास मिळतात, स्प्रिंगा आणि बारीकसारीक हार्डवेअर बोहरी आळीत. बाहेरचं कवच भोसरीच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमधून लेझरने कापून वाकवून घ्या. प्लास्टिकच्या साच्याचा खर्च डिझाइन पक्कं होईपर्यंत करूच नये. पत्र्याचं माप बदलायला एक फाइल बदलावी लागते, साचा बदलायला कर्ज काढावं लागतं. एलिमेंट स्वतः गुंडाळायची वेळ आलीच तर वळसे सगळीकडे सारखे ठेवू नका. तापलेली हवा वर जाते, म्हणून खाली दाट आणि वर थोडे विरळ. आणि कडांना मधल्यापेक्षा कमी उष्णता पोहोचते, म्हणून कडेला दाट.

तपासणीची पद्धत साधी ठेवा. एकाच दिवशी, एकाच बेकरीतून, एकाच भट्टीतला ब्रेड घ्या. प्रत्येक स्लाइस आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला; किती ग्रॅम पाणी गेलं हे कळलं की कडकपणाचा आकडा हाती येतो. दोन्ही बाजूंचा फोटो एकाच खिडकीजवळ, एकाच प्रकाशात, शेजारी पांढरा कागद ठेवून काढा. थंड टोस्टरवर लागोपाठ चार फेऱ्या, मग तो पूर्ण निवू द्या आणि पुन्हा चार. शक्य असेल तर व्हॅरिॲक (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) आणून 205, 230 आणि 245 व्होल्टवर हेच परत करा. चारही फेऱ्यांचे आणि तिन्ही व्होल्टेजचे फोटो शेजारी मांडल्यावर घरातल्या कोणालाही ते ओळखता येत नसतील, तर सर्किट झालं. मग ते बाजूला ठेवून जाळ्यांच्या मागे लागा, कारण त्यांना सर्किटपेक्षा दुप्पट वेळ लागेल.